अमीनाचे घर

नजीब महफूज यांना १९८८ साली साहित्याचे नोबेल मिळाले. अरबीत लिहिणाऱ्याला ते पहिल्यांदाच मिळत होते. तारुण्यात त्यांनी फिरऔनांच्या काळावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. देशाची ओळख शोधायला तेव्हा अनेक जण जुन्या वैभवाकडेच जात. पुढे ते सोडून महफूज कैरोच्या गल्ल्यांकडे वळले. आम्हाला हे वळणच मोलाचे वाटते.

१९५६-५७ मध्ये आलेल्या त्यांच्या तीन कादंबऱ्यांत एकाच घराच्या तीन पिढ्या आहेत. अब्बा सय्यद अहमद दुकानदार. घरात त्यांचा एवढा धाक की मुले मान वर करत नाहीत. रात्री मात्र दोस्तांची मैफल, गाणेबजावणे. बीवी अमीना लग्नाला पंचवीसेक वर्षे होऊनही एकटी उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. एकदा अब्बा परगावी गेले असता ती धाकट्या कमालला घेऊन हुसैनच्या मशिदीत जियारतीला जाते. परतताना मोटारीचा धक्का लागतो, गळ्याजवळचे हाड मोडते. अब्बा ती बरी होईपर्यंत थांबतात, आणि मग तिला माहेरी धाडतात!

हे वाचताना कैरो दूर वाटत नाही. अमीनासारखी नानी किंवा दादी आपल्यापैकी किती घरांत होती, ते सांगायला नको.

पुढे १९१९चा उठाव येतो. इंग्रजांनी साद झगलूल यांना माल्टाला हद्दपार केलेले. या नेत्यांना पाठिंबा म्हणून लोकांच्या सह्या घेतल्या जात होत्या, तेव्हा अब्बांनी दुकानात बसून आनंदाने सही केली होती. पण मुलगा फहमी चळवळीत उतरल्याचे कळताच ते कुरआन पुढे ठेवून त्याला कसम खायला सांगतात. वडिलांपुढे कधी ब्र न काढणारा फहमी नकार देतो. देशाला आझादी हवी, पण घरात हुकूम आपलाच चालावा, असे मानणारा हा बाप महफूज खलनायक म्हणून रंगवत नाहीत. तो प्रेमळही आहे, हसराही आहे. म्हणूनच तो खरा वाटतो. फहमी गोळीने मरतो, तेही परवानगी मिळालेल्या शांत मिरवणुकीत.

तिसऱ्या भागापर्यंत दिवस पालटलेले असतात. आजारी अब्बा घरी जाळीआड बसून रस्ता पाहतात आणि अमीना रोज जियारतीला जाऊन येते.