मोरीच्या पाण्याचे काय?

पाणी घरात कसे येईल, याची चिंता आपण पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. ते घराबाहेर पडून कोठे जाते, इकडे मात्र क्वचितच वळून पाहिले. बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाताना लागणाऱ्या निंबोल्याचा विचार करताना आम्हांस हे विशेष जाणवते.

पाण्याच्या बाबतीत हा मुलूख जुना जाणता. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याकडून येणारे भूगर्भातील पाणी भुयारांत अडवून, कुंड्यांच्या ओळीने ते बऱ्हाणपुरास पुरविण्यात आले. तोच हा कुंडी भांडारा. पुढे चार शतकांनी, जुलै २०२२ मध्ये, घरोघर नळ असल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचे नाव जाहीर झाले. जिल्ह्यातील २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले. ऑगस्ट २०१९ मध्ये १,०१,९०५ घरांपैकी अवघ्या ३७,२४१ घरी नळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. कित्येक माउलींच्या डोक्यावरचा हंडा उतरला.

परंतु वाचकहो, हिशेबाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. माणशी रोज ५५ लिटर हे या योजनेचे प्रमाण. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आले, तर त्यातील सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे १८० लिटरांच्या आसपास, मोरीतून बाहेर पडणार. शंभर घरांचे झाले रोज अठरा हजार लिटर! हंड्याने पाणी आणणारे घर ते जपून वापरी. नळाच्या घरास तसे बंधन राहत नाही. उताराची सोय नसेल तर हे पाणी गल्लीत साचते, त्यावर डास माजतात आणि विहिरीच्या कठड्याशी मुरून तेच पुन्हा आपल्या घागरीत येते.

उपाय अवघड नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, तेव्हा डासांचा उपद्रव हटला. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात दगड-विटांचे तुकडे आणि तोंडाशी गाळ व तेलकटपणा अडविणारी छोटी कुंडी, एवढाच त्याचा पसारा. दगडांवर धरणारा जिवाणूंचा थर घाण खातो, माती उरलेले गाळते. मात्र पथ्ये पाळावी लागतात. खड्डा विहिरीपासून दहा-पंधरा मीटर दूर हवा, तळ भूजलाच्या पातळीपेक्षा बराच वर हवा, संडासाचे पाणी त्यात जाता कामा नये आणि तोंडाची कुंडी वरचेवर साफ करावयास हवी. तापीकाठच्या काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे खड्ड्यापेक्षा परसबाग बरी.

आणि परसबाग आपणांस नवी थोडीच आहे? मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची रीत आपल्या आज्यांची. कर्दळीसारख्या पाणथळ वनस्पती सांडपाणी शुद्ध करण्यास उपयोगी पडतात, हे आता शास्त्रही सांगते. बऱ्हाणपूर तर केळीचेच माहेर! फक्त त्या वाफ्यात कच्ची खावयाची कोथिंबीर व मुळा लावू नये, इतके पाहावे.

नळ सरकार देऊ शकते. मोरीचे पाणी मात्र ज्याचे त्यानेच सांभाळावे लागते. खानखानांच्या काळी ज्या भूमीच्या पोटातून निर्मळ पाणी काढले, त्याच भूमीच्या पोटात आपण आज काय सोडतो, याचे उत्तर पुढची पिढी आपणांस विचारील. त्या दिवशी मान खाली घालावी लागू नये, म्हणून या महिन्यात प्रत्येकाने एकदा आपल्या मोरीमागे जाऊन पाहावे, एवढीच आमची विनंती.