शिळ्या सणाची सकाळ

योम किप्पूरला आमच्या घरात अजूनही दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी कोकणातले आपले लोक पांढरे कपडे घालून, दार बंद करून उपास करत, बाहेरच्या कुणाला शिवत नसत, म्हणून हे नाव. दुसरा दिवस तो शिळा सण. हे दुसरं नाव अश्दोद-दिमोनात जन्मलेल्या आपल्या बहुतेक मुलांना ठाऊक नाही. दोष आमच्या पिढीचा. आम्हाला लाज वाटत होती.

लाज कशाची? वडीलधाऱ्यांची समजूत अशी, की दारफळणीच्या आदल्या दिवशी घरातली गेलेली माणसं घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आमची आई त्या दुपारी पुऱ्या तळायला बसली की पहिली पुरी कुणाला देत नसे. ती बाजूला ठेवून सासऱ्यांचं नाव घेई, मग जावेचं. शेवटी तापाने गेलेल्या आपल्या पहिल्या मुलाची पाळी आली की नुसते ओठ हलत. आम्ही मुलं गप्प बसायचो, पण भीती म्हणून नव्हती. घरात पाहुणे आलेत, एवढंच वाटायचं.

इस्रायलात आल्यावर हे सुटत गेलं. लग्नाच्या प्रश्नावर आपल्या लोकांना आपलं यहुदीपण सिद्ध करा म्हणून सांगितलं गेलं, रस्त्यावर उतरावं लागलं. 1964 साली तो तिढा सुटला. त्यानंतर शेजाऱ्यांच्या पितृपंधरवड्यासारखं दिसेल असं काही करायला कोण धजणार? मलिदा तेवढा टिकला, कारण तो एलियाहू हनाबीच्या नावाचा.

यशिवात शिकणारा आमचा नातू म्हणतो, ही हिंदूंकडून घेतलेली रीत आहे. असेलही. दोन्हींचे दिवस जवळजवळ येतात, आणि शेकडो वर्षं एका गावात राहून काहीच घेतलं नाही असं कोण म्हणेल? पण आम्ही त्याला विचारलं, तुझे अश्केनाझी मित्र योम किप्पूरला यिझकोर म्हणतात ते कुणासाठी? आपण अश्काबा म्हणतो तो कुणासाठी? दिवसभर जळणारा नेर नेशामा कुणासाठी लावतोस? त्याच दिवशी मेलेल्यांची आठवण काढायची हे सगळीकडचे यहुदी करतात. आपण पुरी तळली, एवढाच फरक.

एका बाबतीत मात्र त्याचं खरं आहे. मेलेल्यांना कौल लावायचा नाही, त्यांच्याकडे काही मागायचं नाही, हे तोरात स्पष्ट आहे. आईने कधी मागितलं नाही. मागणं देवाकडे, आणि ते 'शेमा' म्हणून. 1796 साली मुंबईत पहिली मशीद उभी राहिली. त्याआधी कोकणातल्या आपल्या तेल्यांकडे काय होतं? शेमा, शनिवारची सुट्टी, सुंता, आणि हे सण. देव घरात आहे हे त्यांना स्वयंपाकघरातूनच कळत होतं. काळ्या मनुकांचं सरबत करून किद्दूश, भिजवलेल्या पोह्यांत खोबरं कालवून मलिदा. आजही आम्ही पोहे भिजवताना पाणी मोजत नाही. हात आईचाच चालतो. अशा वेळी ती शेजारी उभी आहे असं वाटलं तर ते अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकायला आम्ही तयार नाही.

म्हणून गेल्या वर्षी घरात ठरवलं, शिळा सण पाळायचा. आदल्या दिवशी पुऱ्या केल्या, उपास झाला. शिळ्या सणाच्या सकाळी रीतीप्रमाणे गरिबांसाठी पैसे काढले. नातू तोंड वाकडं करून बसला होता. मग तोच म्हणाला, नावं सांगा, लिहून घेतो. अश्काबाला बापाचं नावही लागतं, हे त्याला आमच्याहून चांगलं ठाऊक.

आजोबांचं सांगितलं. काकूचं सांगितलं. तिसऱ्या ओळीला आम्ही अडकलो. ते नाव आई इतक्या हळू घ्यायची की आम्हाला कधी ऐकू आलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं आता कुणी उरलेलं नाही.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग थोडी जागा सोडून 'बेन' लिहिलं, आणि पुढे आमच्या वडिलांचं नाव.