डिझेल गळतीची तपासणी गरम इंजिनावर व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मालवाहू ट्रकच्या पासिंगच्या व पीयूसीच्या वेळी डिझेल गळती तपासणे आणि डिझेल मिस्त्रींना दोष शोधण्याचे प्रशिक्षण मिळणे याबाबत.

महोदय,

आम्ही सह्या करणारे ट्रकमालक, चालक आणि डिझेल मिस्त्री कसारा घाटाच्या दोन्ही अंगांना राहतो. घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा इगतपुरी तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. कोणत्याही एका जिल्ह्याच्या कार्यालयाकडे गेलो तरी निम्माच घाट त्यांच्या हद्दीत येतो, म्हणून थेट आपल्याकडे आलो आहोत.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, या भरवशावर ट्रकची गळती खपवून घेतली जाते. टाकीखाली डबा लावायचा, पाइपला चिंधी गुंडाळायची आणि खेप पुरी करायची. पण माल भरलेली गाडी चढाला लागली की टर्बो आणि एक्झॉस्ट प्रचंड तापतात. साधारण अडीचशे अंशांना डिझेल ठिणगीशिवाय आपोआप पेट घेते, आणि चढावरचा टर्बो त्याच्या कितीतरी पुढे असतो. त्यावर तडा गेलेल्या पाइपचा बारीक फवारा पडला तर चालकाला केबिनमधून उडी मारण्यापुरताच वेळ मिळतो. पेट घेतला नाही तरी वळणावर सांडलेले डिझेल पहिल्या पावसात रस्ताभर पसरते आणि मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो.

बाहेर ठिबकणारी गळती निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या गळतीने माणूस कसा बुडतो, ते सांगतो. आमच्यापैकी एकाची सहा सिलेंडरची गाडी पावसाळ्यात आयडलला मिस मारू लागली. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची, चालू झाली की पांढरा धूर, आणि घाटात पिकअप गायब. एका वर्कशॉपने आधी फिल्टर बदलले, मग फीड पंप बदलला, आणि शेवटी सहाच्या सहा इंजेक्टर बदलावे लागतील असे सांगितले. गाडीवर हप्ता चालू होता. पैशांची जुळवाजुळव सुरू असताना घोटीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने रात्री गाडी तोंड चढाकडे करून उभी करायला लावली. सकाळी हँड प्रायमर दाबला तर हाताला पोकळ लागला. त्याने फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केले. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे वाहत होते. टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या बॅन्जो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर चिरला होता. शोषणाच्या बाजूला गळती असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते; म्हणून जमिनीवर एक थेंबही नव्हता. वॉशर बदलला, एअर काढली, गाडी सुरळीत झाली.

त्या मिस्त्रीचे म्हणणे असे की, मिस एकाच सिलेंडरवर ठाण मांडून बसली तर इंजेक्टरवर संशय घ्यावा. मिस जागा बदलत असेल तर आधी हवा शोधावी. हे ज्ञान नव्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, याचे आम्हाला मनापासून दुःख होते.

आणि जुने ज्ञान जसेच्या तसे वापरणेही आता जिवावर बेतते. पूर्वी चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून मेलेले सिलेंडर शोधत. कॉमन रेल इंजिनात हेच केले तर समोर १,६०० बारच्या घरातला दाब असतो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे दोनशे पट. अशी धार कातडी भेदून डिझेल मांसात घुसवते. जखम सुईएवढी दिसते, पण उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. या इंजिनात गळती शोधायला हात नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. आणि इंजेक्टरचा निकाल लावायला प्रत्येकाच्या रिटर्न पाइपला बाटली लावून कोणता जास्त डिझेल परत पाठवतो ते पाहावे. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गळती इंजिनाच्या आतच आहे. असे ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाते. हे सगळे शिकवण्याजोगे आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी तपासणीची आहे. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकचे पासिंग दोन वर्षांनी होते, त्यापुढे दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन आणण्याची रीत आहे. आम्हीही तेच करत आलो, हे मान्य करतो. थंड, धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. पीयूसीच्या धूर चाचणीत मात्र इंजिन गरम असते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो. ती चाचणी होताच इंजिन बंद करून, केबिन उचलून, लॉक लावून पाइप, नट, रिटर्न लाइन आणि टाकी यांच्यावर ताजा ओलावा आहे का ते पाहावे आणि नोंद करावी. पासिंगलाही हाच क्रम असावा. गळती सापडलेल्या गाडीला दंड करण्याऐवजी दुरुस्तीला सात दिवस द्यावेत. फवारा उडत असेल तर मात्र ती जागेवरून हलू देऊ नये.

दुसरे, आयटीआयच्या एक वर्षाच्या ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रमाला जोडून आमच्यासारख्या कामावरच्या मिस्त्रींसाठी छोटे वर्ग भरावेत. रविवारी, मराठीत, चालत्या कॉमन रेल इंजिनावर. यासाठी आपण व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाशी बोलावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे; त्याच भूमिकेतून फॉल्ट कोडचे अर्थ आणि रिटर्न चाचणीची मापे कंपन्यांनी रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही खुली करावीत, असे आपल्या विभागाने त्यांना कळवावे.

तिसरे, घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला, वळणापासून दूर, केबिन उचलता येईल एवढी सपाट जागा, दिवा आणि वाळूच्या बादल्या हव्यात. आज मिस मारणारी गाडी चढावरच उभी राहते आणि मिस्त्री वाहत्या रहदारीकडे पाठ करून तिच्याखाली शिरतो.

पावसाळ्याआधी आपण आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावा. येताना तो चिरलेला वॉशर आणि पारदर्शक नळी सोबत आणू.

आपले विश्वासू,
कसारा–इगतपुरी–घोटी पट्ट्यातील ट्रकमालक, चालक व डिझेल मिस्त्री
(सोबत : सह्यांचे कागद)