मूल गावाचे, परवानगी चित्रीकरणस्थळाची

बालकलाकार हा कायद्याच्या दृष्टीने काम करणारा बालक असतो, आणि चौदा वर्षांखालील मुलास कामाला लावण्यावर बंदी घालणाऱ्या बालकामगार कायद्याने ज्या दोनच सवलती ठेवल्या आहेत, त्यांपैकी एक शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात हातभार लावण्याची आणि दुसरी चित्रपट, मालिका, जाहिराती यांत कलाकार म्हणून काम करण्याची आहे. १९८६ च्या या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये तिचे नियम आले, तेव्हापासून ही सवलत अटींनी बांधलेली आहे. तरीही पडद्यावरचे गोंडस मूल पाहून सुखावणारा प्रेक्षक, त्या मुलाला मुंबईस नेणारे आईबाप आणि त्याची रजा मंजूर करणारी शाळा यांपैकी फार थोड्यांना या अटींची माहिती असते.

मराठी मुलांच्या अभिनयाला आज जे मोल आले आहे, ते पाहता हे अज्ञान परवडणारे नाही. २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वितरण झाले, तेव्हा उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार विभागून मिळालेल्या पाच मुलांपैकी तिघे ‘नाळ २’ मधील आणि एक ‘जिप्सी’ मधील, म्हणजे चौघे मराठी चित्रपटांतील होते, आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे मनापासून कौतुक केले. त्यानंतर सव्वा महिन्यात, ३० ऑक्टोबरला, मुंबईतील पवईच्या एका स्टुडिओत वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी, म्हणजे भूमिकेच्या निवडचाचणीसाठी, बोलावलेल्या १७ मुलांना रोहित आर्य नावाच्या व्यक्तीने ओलीस धरले. पोलिसांनी मुलांची आणि त्यांच्यासोबतच्या दोन प्रौढांची सुखरूप सुटका केली आणि त्या कारवाईत गोळी लागून आर्यचा मृत्यू झाला. सरकारकडे त्याची रक्कम थकली होती का आणि पोलिसांनी गोळी झाडणे अपरिहार्य होते का, यावर पुष्कळ चर्चा झाली. मात्र कोणीही उठून एक जागा भाड्याने घ्यावी, ऑडिशनचा निरोप फिरवावा आणि परक्यांची मुले दिवस दिवस आत बसवून ठेवावीत, यासाठी त्याला कोणाची परवानगी लागते का, हा मूळचा प्रश्न बाजूलाच पडला. त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे: नियमांचा भर प्रत्यक्ष निर्मितीवर असल्याने ऑडिशनच्या टप्प्यावर अशी परवानगी कोणी मागत नाही आणि कोणी तपासतही नाही.

नियम काय म्हणतात, हे नीट पाहिले पाहिजे. मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काळ त्याला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या पाठांत खंड पडणार नाही, अशी सोय निर्मात्याने करावयाची असते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदतठेवीत थेट जमा व्हावा लागतो. या सर्वांची हमी निर्मात्याने प्रपत्र ‘सी’ मध्ये लिहून द्यावयाची असून ती सहा महिने वैध राहते, आणि परवानगी देतो तो जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. परंतु कोणत्या जिल्ह्याचा, तर ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार आहे त्या जिल्ह्याचा. सगळी मेख या शेवटच्या तरतुदीत आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत काम करणाऱ्या मुलाची कागदपत्रे मुंबई उपनगरच्या कार्यालयात जातात. ते मूल ज्या गावचे, ज्या शाळेच्या पटावरचे आणि ज्या बालकल्याण समितीच्या कक्षेतले असते, तिथे त्याचा मागमूसही नसतो.

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले असेच एक गाव आहे. सुरत–भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई–आग्रा महामार्ग यांच्या आधाराने वाढलेले, औद्योगिक वसाहत लाभलेले, पण भोवताली अवर्षणप्रवण शेती असलेले हे गाव मुंबईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या घेतलेल्या मुलाच्या पालकांच्या मोबाइलवर जेव्हा एखाद्या मालिकेसाठी बालकलाकार हवा असल्याचा निरोप येतो, तेव्हा तो निरोप खरा की खोटा, नोंदणीच्या नावाने मागितलेले पैसे द्यावेत की नाहीत, छायाचित्रांचा संच म्हणजे पोर्टफोलिओ आपणच सुचवलेल्या छायाचित्रकाराकडून काढून घ्या असा आग्रह धरणारा मध्यस्थ विश्वासाचा आहे की नाही, हे विचारावे असे एकही ठिकाण तालुक्यात नाही. रात्रीच्या बसने निघून सकाळी अंधेरीत उतरणे, कुणा नातेवाइकाकडे अंघोळ आटोपून शेकडो मुलांच्या रांगेत उभे राहणे आणि संध्याकाळी ‘कळवतो’ एवढे ऐकून परतणे, हा प्रवास अशी कुटुंबे पुनःपुन्हा करतात, आणि त्यात मुलाचे बुडालेले शाळेचे दिवस कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत, कारण त्या दिवसांत मूल अद्याप ‘कलाकार’ झालेलेच नसते.

निवड झाल्यावर पुढचे चक्र सुरू होते. दैनंदिन मालिकेचे भाग आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवावे लागत असल्याने काही भाग आगाऊ चित्रित करून ठेवण्याची रीत आहे, तिला या व्यवसायात ‘बँक’ म्हणतात, आणि ही बँक रिकामी होऊ लागली की सेटवरच्या प्रत्येकाची घाई वाढते. सेटची पाळी सर्वसाधारणपणे बारा तासांची असते, मुलाची मर्यादा पाच तासांची. पण हे पाच तास मोजायचे कुठून, रंगभूषेच्या खुर्चीत बसल्यापासून की कॅमेरा सुरू झाल्यापासून, हे नियमांत स्पष्ट केलेले नाही. सकाळी सातला हजर झालेल्या मुलाचा प्रसंग ज्येष्ठ कलाकाराच्या सोयीने दुपारी आणि मग दिवे लागल्यावर घेतला गेला, तर मधले सगळे तास ते मूल जरीचा पोशाख आणि चेहऱ्यावरची रंगभूषा सांभाळत, आरशापुढच्या टेबलावर गृहपाठाची वही उघडून, मोठ्या माणसांच्या त्यांच्यासाठीच असलेल्या गप्पा ऐकत बसून काढते. नंतर रडण्याच्या प्रसंगासाठी डोळ्यांत ग्लिसरीन घालून त्याच वाक्याचे पाच-सात टेक द्यायचे ते थकलेल्या शरीराने. कागदावर या दिवसाची नोंद दोन तासांचे काम अशीही होऊ शकते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २००८ पासून चालू आहे आणि तिच्यातील मुलांची टोळी देशभरच्या प्रेक्षकांसमोर लहानाची मोठी झाली. त्यांतील सोनूची पहिली भूमिका करणाऱ्या झील मेहताने अभ्यासासाठी ती मालिका सोडली. तो निर्णय घेणे तिला आणि तिच्या कुटुंबाला शक्य झाले. ज्यांच्या घरचा खर्चच मुलाच्या मानधनावर चालू लागला आहे, त्यांना ते शक्य होईल का?

कारण नियमांतील सर्वांत उदात्त अट हीच आहे की, मुलाच्या इच्छेविरुद्ध व संमतीविना त्याला कोणत्याही मनोरंजनात सहभागी करता येणार नाही. आणि अंमलात आणायला सर्वांत अवघड अटही हीच. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा घरची जबाबदारी अंगावर आलेल्या बारा वर्षांच्या लता मंगेशकरांनी ‘पहिली मंगळागौर’ सारख्या चित्रपटांतून भूमिका केल्या. चेहऱ्याला रंग लावून दिव्यांसमोर उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्या काळी विचारणारे कोणी नव्हते आणि नकार देण्याची सोयही नव्हती. आजही घरातल्या मिळवत्या मुलाची संमती त्याच घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतली जाते, ती खरी मानायची कशाच्या जोरावर, याचा विचार परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने मुलाशी एकट्याने दहा मिनिटे बोलून तरी करावा, अशी तरतूद नियमांत नाही.

सोबत कोणी तरी मोठे माणूस असले म्हणजे मूल सुरक्षित, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. हिंदी चित्रपटांतील एके काळच्या लोकप्रिय बालतारका डेझी इराणी यांनी २०१८ मध्ये सांगितले की, ‘हम पंछी एक डाल के’ या १९५७ च्या चित्रपटाच्या मद्रासमधील चित्रीकरणाच्या वेळी, अवघ्या सहा वर्षांच्या असताना, पालक म्हणून ज्याला सोबत धाडले होते त्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला. हे उच्चारायला त्यांना साठ वर्षे लागली. अमेरिकेत २०२४ च्या मार्चमध्ये ‘क्वायट ऑन सेट’ हा माहितीपट आला आणि मुलांसाठीच्या निकलोडियन वाहिनीच्या हसऱ्या कार्यक्रमांमागे काय चालले होते, ते त्या कार्यक्रमांतील आता प्रौढ झालेल्या कलाकारांनी सांगितले. मुलांना संवाद शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला ज्या लैंगिक अत्याचारासाठी २००४ मध्ये शिक्षा झाली, त्याचा बळी आपणच होतो, हे ड्रेक बेल या अभिनेत्याने त्यात प्रथमच उघड केले. नियमांनुसार मुलांसाठी नेमली जाणारी जबाबदार व्यक्ती ही निर्मात्याचीच माणूस असते आणि तिचा पगारही निर्माताच देतो. सेटवर काही वावगे घडल्यास ती कोणाची बाजू घेईल, याची खात्री अशा रचनेत देता येत नाही.

पैशाचा प्रश्न तितकाच जुना आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’ मधला मुलगा जॅकी कूगन याने लहानपणी लाखो डॉलर मिळवले आणि सज्ञान झाल्यावर त्याला कळले की, आई व सावत्र वडिलांनी ते बहुतेक उडवले आहेत. त्याच्या खटल्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईस संरक्षण देणारा कायदा केला. भारतातील २० टक्क्यांची अट आकड्याने कॅलिफोर्नियाच्या आजच्या १५ टक्क्यांहून मोठी आहे, पण उरलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब मुलाला कधी द्यावा लागेल का, आणि ती मुदतठेव खरोखर झाली की नाही हे कोण पाहणार, यांवर नियम गप्प आहेत.

इथवरची चर्चा मुंबईच्या सेटची झाली, परंतु खान्देशातील मुलांपुढे कॅमेरा आता मुंबईस न जाताही उभा राहतो. अहिराणी गाणी आणि खान्देशी विनोदी चित्रफिती यांनी यूट्यूबवर केवढा प्रेक्षक मिळवला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि शेजारचे मालेगाव या पट्ट्यात त्यांची निर्मिती होते, आणि हौसेने सुरू झालेल्या या उद्योगाने बोलीला मान आणि अनेक तरुणांना काम मिळवून दिले, याचा अभिमानच वाटला पाहिजे. त्यांत मुलेही असतात. लग्नसराईसाठी गाणी तयार होतात ती नेमकी चैत्र-वैशाखात, शाळेला सुटी असते म्हणून मुलेही तेव्हाच मोकळी असतात, आणि खान्देशचा पारा चाळिशी ओलांडून गेलेल्या दुपारी नांगरटीच्या शेतात अनवाणी नाचण्याचे टेक घेतले जातात. सावलीची, पाण्याची, डॉक्टरची व्यवस्था दिग्दर्शकाच्या सद्‌भावनेवर सोडलेली असते. वस्तुतः नियमांत ‘अनौपचारिक मनोरंजन’ हेही शब्द आहेत, तेव्हा नरडाण्याच्या शिवारात होणाऱ्या चित्रीकरणासाठी धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. पण चार मित्रांनी मिळून चालवलेल्या वाहिनीला ही गोष्ट कोणी समजावून सांगितलेली नसते, आणि मुलाला मानधन म्हणून जेवण व भाडे दिले की व्यवहार पुरा झाला, असे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे समजतात. गाणे पुढे किती वर्षे चालेल आणि किती मिळवून देईल, याच्याशी त्या मुलाचा काही संबंध उरत नाही. आईबापच मुलाची वाहिनी चालवत असतील, तर घरच्या व्यवसायाची सवलत पुढे करून सगळ्याच अटी टाळता येतात. फ्रान्सने २०२० मध्ये आणि अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०२४ पासून समाजमाध्यमांवरील मुलांच्या कमाईतील वाटा राखून ठेवण्याचे कायदे लागू केले. भारतात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये समाजमाध्यमांना कवेत घेणाऱ्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, परंतु सूचना आणि कायदा यांत अंतर असते.

या साऱ्यांवर मुलांना कॅमेऱ्यापासून दूर ठेवा, असा उपाय कोणी सुचवू नये. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा जळगावच्या केंद्रावरही होते, तिथे शाळेचे शिक्षक मुलांना महिनाभर तालीम देतात, दंगा होतो, पडदा अडकतो, आणि मुले अभिनय शिकतात ती या आनंदातून. मुलाची कला वाढली पाहिजे आणि तिचा मोबदलाही त्यालाच मिळाला पाहिजे.

त्यासाठी पहिला बदल राज्य सरकारने करावयाचा आहे: चित्रीकरणाच्या जिल्ह्यात परवानगीचा अर्ज येताच त्याची प्रत मुलाच्या मूळ जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाकडे आणि त्याच्या शाळेकडे गेलीच पाहिजे, आणि मुलांची ऑडिशन घेणाऱ्याने जागा, वेळ व जबाबदार व्यक्तीचे नाव आधी पोलिस ठाण्यात कळवले पाहिजे. दुसरा बदल धुळे आणि जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना मुंबईकडे न बघता करता येण्यासारखा आहे. प्रपत्र ‘सी’ मराठीत, सोप्या भाषेत छापून ते स्थानिक निर्मात्यांच्या हाती द्यावे, परवानगी आठवड्याभरात मिळेल अशी व्यवस्था करावी म्हणजे ती टाळण्याचे कारण उरणार नाही, मे महिन्यात सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत उघड्यावर मुलांचे चित्रीकरण बंद ठेवण्याची अट तीत घालावी, आणि कोणत्या निर्मितीला परवानगी दिली त्याची यादी दर महिन्यास तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावी. मुलांची नावे मात्र त्या यादीत नसावीत. शिंदखेड्याच्या तहसीलदारांना किंवा नरडाण्याच्या एखाद्या मुख्याध्यापकांना यासाठी नव्या निधीची गरज नाही, आणि १०९८ ही बालमदतीची दूरध्वनी सेवा तर आजही चालू आहे. तिचा क्रमांक प्रत्येक चित्रीकरणस्थळी मुलाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावण्याची सक्ती उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी करता येईल.