हळदीचा लेखी पुरावा



हेदवीच्या बागेत कोणाला कोयता लागला की घरची बाई हळदीचा डबा आणते. हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण हळदीने जखम भरण्याच्या याच उपायावर १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक वर्षांपुरता मिळणारा कायदेशीर हक्क. शोध मात्र खरोखर नवा असावा लागतो.

आपल्या सी.एस.आय.आर. या संस्थेने १९९६ साली हरकत घेतली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढ्यावर भागणार नव्हते. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे पुरावे पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोंडी ज्ञान वाडवडिलांबरोबर जाते, लिहिलेले टिकते. तुमच्या घरी भाताचे एखादे जुने वाण जपलेले असेल, तर ते कोणी आणले, कधी निसवते, कोणत्या रोगास दाद देत नाही, हे तारखेसह वहीत लिहा. २००१ च्या कायद्यान्वये शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते व त्यास फी पडत नाही. चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी.

आणि हो, जखम खोल असेल तर हळदीवर विसंबू नका. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.