शिणलेल्या मनाची खरेदी

‘ऋण काढून सण करू नये’ ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तरीही पांडेसऱ्याच्या वस्तीत पगार हाती पडतो न पडतो, तोच हप्त्यांत विरून जाताना आम्ही दरमहा पाहतो. यास उधळेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे, असे आमचे मत आहे.

धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेस आलेली ही माणसे मुळात काटकसरी होत. मग तीच येथे न परवडणारी वस्तू का घेतात? रंगाई-छपाईच्या गिरण्यांतील उष्मा, रसायनांचा दर्प, यंत्रमागांचा खडखडाट आणि बारा बारा तासांची पाळी यांत त्याचे उत्तर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा आखली होती. पण मागावर मजुरी मीटरवर मोजली जाते, आणि हात थांबला की मजुरी थांबते. ज्यास विसावा मिळत नाही, तो वस्तू विकत घेतो. दिवसभर हुकूम ऐकणाऱ्यास दुकानात ‘आवो शेठ, बेसो’ असे शब्द ऐकू येतात, हेही काही थोडे नव्हे.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. मुले उठण्यापूर्वी बाप कामावर जातो आणि ती झोपल्यावर परततो. न दिलेल्या वेळेची भरपाई तो नव्या मोबाईलने, नव्या बुटांनी करू पाहतो. या मोहातून आम्हीही सुटलेलो नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवून थकलेल्या रात्री आम्हीही एक मोठा टी.व्ही. हप्त्यावर घेतला. शीण दोन दिवसांत उतरला. हप्ते वर्षभर पुरले.

१८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. आपला रोखा कोणाच्या पेटीत आहे, हे त्यांस निदान ठाऊक होते. आजचा सावकार खिशातील मोबाईलमध्येच वसतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने रोखा लिहून घेतो. महिना ३ टक्के व्याज ऐकण्यास किरकोळ वाटते; पण वर्षाचे ते ३६ टक्के होते, आणि चक्रवाढीने त्याहूनही अधिक. हे गणित आमचा आठवीचा विद्यार्थी सहज सोडवील. त्याने ते घरी बसून वडिलांसह सोडवावे.

आमची मातृभाषा कोंकणी. बाजारात हट्ट धरला की आई म्हणे, ‘फाल्यां पळोवया’, म्हणजे उद्या पाहू. ती टाळाटाळ आहे असे तेव्हा वाटे. आज त्यातील शहाणपण कळते. थकलेल्या मनाने घेतलेला निर्णय एका झोपेनंतर पुष्कळदा बदलतो.

कामाचे तास कमी व्हावेत, मजुरी पुरेशी मिळावी, ही मागणी मोठ्यांनी एकजुटीने केलीच पाहिजे. केवळ काटकसरीच्या उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही. परंतु विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही हाती एक गोष्ट आहे. सुट्टीच्या दिवशी वडील विचारतील, ‘तुला काय आणू?’ तेव्हा त्यांना म्हणा, ‘काही नको, थोडा वेळ जवळ बसा.’ त्यांच्या शिरावरील ओझे त्या एका वाक्याने किती हलके होईल, याची तुम्हांस कल्पना नसेल, आम्हांस आहे.