अक्रोड, महोगनी आणि ‘अभिरुची’

अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांची अभिरुची बदलली आणि फर्निचरमध्ये अक्रोडाची जागा महोगनीने घेतली, असे सर्रास लिहिले जाते. हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे. अक्रोडाचे लाकूड कोरीव कामाला अनुकूल, वाळल्यावर सहसा न वाकणारे. गाठीतून काढलेल्या पातळ पापुद्र्यांवरची नैसर्गिक नक्षी तर अप्रतिमच. त्याला कीड लागते खरी, पण तो दोष काही नवा नव्हता. १७०९च्या कडाक्याच्या हिवाळ्यात फ्रान्समधील असंख्य अक्रोडवृक्ष मेले, १७२० मध्ये फ्रान्सने त्या लाकडाची निर्यात रोखली आणि १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील आपल्या वसाहतींच्या लाकडावरील आयातशुल्क उठवले. त्या सुसंस्कृत दिवाणखान्यांत जमैकाहून आलेली महोगनी गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी तोडलेली होती.